अंतराळयानातील कार्बन डायऑक्साइडचे निष्कासन : शोषकाच्या पुनर्जीवनाचा प्रश्न

सारांश

मानव अंतराळात ज्या बंदिस्त कक्षात राहतो, तेथील हवेतून कार्बन डायऑक्साइड सतत काढून टाकावा लागतो. हा वायू पकडणारी रसायने दीर्घकाळापासून ज्ञात आहेत. खरी अडचण पकडलेला वायू पुन्हा सोडवून तेच शोषक हजारो वेळा वापरण्यात आहे. प्रस्तुत लेखात लिथियम हायड्रॉक्साइड, झिओलाइट व अमाईन या तीन प्रकारच्या शोषकांची कार्यपद्धती, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील अनुभव, कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन परत मिळविण्याची प्रक्रिया आणि भारतीय मानवी अंतराळ कार्यक्रमाच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व यांचे विवेचन केले आहे. शोषकाची वायू धरून ठेवण्याची क्षमता हा सुधारणेचा एकमेव निकष नाही. पाणी, उष्णता, धूळ आणि दुरुस्तीची सुलभता हे निकषही तितकेच निर्णायक आहेत, असा निष्कर्ष यातून निघतो.

बीजसंज्ञा : जीवनाधार प्रणाली, आंशिक दाब, पृष्ठशोषण, झिओलाइट, अमाईन, पुनर्जीवन, साबातिए प्रक्रिया.

१. प्रस्तावना

अंतराळवीराच्या जीवनाधाराचा विचार करताना सर्वसामान्यपणे प्रथम ऑक्सिजन आठवतो. तथापि, बंदिस्त जागेत माणसाच्या जिवाला आधी धोका निर्माण होतो तो बहुधा ऑक्सिजनच्या अभावाने नव्हे, तर स्वतःच्याच उच्छ्वासातून साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. एक प्रौढ व्यक्ती दिवसाकाठी सुमारे ०.८४ किलोग्रॅम ऑक्सिजन वापरते आणि सुमारे १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. सामान्य तापमानास व दाबास या १ किलोग्रॅम वायूचे आकारमान सुमारे ५५० लिटर, म्हणजे ताशी सुमारे २३ लिटर इतके भरते.

या आकड्याचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. १० घनमीटर आकारमानाच्या पूर्णतः बंद खोलीत एक व्यक्ती बसली, तर दर तासाला तेथील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ०.२३ टक्क्यांनी वाढेल. वायूच्या आंशिक दाबाच्या भाषेत ही वाढ ताशी सुमारे १.७ मिलिमीटर पारा इतकी होते. पृथ्वीवरील मोकळ्या हवेत या वायूचा आंशिक दाब केवळ ०.३ मिलिमीटर पारा आहे. म्हणजे त्या खोलीतील वायू पहिल्याच तासात बाहेरील हवेच्या सहापट होतो. त्याच वेळात ऑक्सिजनमध्ये झालेली घट मात्र २१ टक्क्यांच्या मानाने नगण्य असते.

पृथ्वीवर खिडकी उघडली की हा प्रश्न मिटतो. अंतराळयानास उघडता येईल अशी खिडकी नाही. म्हणून तेथे कार्बन डायऑक्साइडचे निष्कासन हे काम रात्रंदिवस आणि अखंड चालणाऱ्या यंत्रणेवर सोपवावे लागते. ही यंत्रणा गेल्या सहा दशकांत कशी बदलत गेली आणि तिच्या सुधारणेतील खरी अडचण कोठे आहे, याचा विचार पुढील विभागांत केला आहे.

२. सुरक्षित मर्यादा आणि तिचे तांत्रिक परिणाम

कार्बन डायऑक्साइड हा केवळ निरुपद्रवी टाकाऊ वायू नाही. रक्तातील त्याचे प्रमाण वाढले की श्वसनाचा वेग वाढतो, मेंदूतील रक्तवाहिन्या विस्फारतात, डोके दुखू लागते आणि एकाग्रता कमी होते. प्रमाण आणखी वाढल्यास भोवळ, बेशुद्धी व मृत्यू असा क्रम संभवतो. अंतराळात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. वजनरहित अवस्थेत उबदार हवा वर जाणे आणि थंड हवा खाली येणे हे नैसर्गिक अभिसरण घडत नाही. पंखे बंद असतील तर झोपलेल्या अंतराळवीराच्या चेहऱ्याभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा साठा तयार होऊ शकतो. कक्षातील सरासरी प्रमाण मर्यादेत असूनही त्या व्यक्तीच्या नाकापाशी ते अधिक असू शकते. वायुवीजन हा निष्कासनाचाच एक भाग मानला जातो तो याच कारणाने.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या आरंभीच्या काळात १८० दिवसांच्या वास्तव्यासाठी ५.३ मिलिमीटर पारा ही कमाल मर्यादा मानण्यात येत होती. प्रत्यक्ष अनुभवानंतर ती कामकाजात क्रमाक्रमाने खाली आणावी लागली. स्थानकावरील अंतराळवीरांनी नोंदविलेली डोकेदुखी आणि त्या काळातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण यांचा संबंध तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आंशिक दाबात १ मिलिमीटर पारा वाढ झाली की डोकेदुखीची शक्यता जवळजवळ दुप्पट होते, तसेच ही तक्रार १ टक्क्याच्या खाली ठेवायची असेल तर सात दिवसांची सरासरी २.५ मिलिमीटरच्या खाली असावी, असे त्या अभ्यासात आढळून आले.

वैद्यकीय दृष्टीने मर्यादा निम्म्यावर आणणे हा एका ओळीचा निर्णय आहे, परंतु अभियंत्यासाठी त्याचा अर्थ फार मोठा होतो. ४ मिलिमीटर आंशिक दाबास १ घनमीटर हवेत सुमारे ९.६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, तर २ मिलिमीटर दाबास केवळ ४.८ ग्रॅम. एका व्यक्तीचा दिवसाचा १ किलोग्रॅम वायू काढण्यासाठी पहिल्या स्थितीत किमान १०५ घनमीटर, तर दुसऱ्या स्थितीत किमान २१० घनमीटर हवा यंत्रातून न्यावी लागेल, आणि तीही यंत्र वायूचा प्रत्येक रेणू पकडते असे गृहीत धरून. शिवाय आंशिक दाब जितका कमी, तितका शोषकही कमी वायू धरतो. हवा जितकी शुद्ध हवी, तितके यंत्र मोठे, अधिक वीज खाणारे आणि अधिक आवाज करणारे होते. निष्कासन प्रणालीच्या सुधारणेचा सर्व खटाटोप या विसंगतीतून उद्भवला आहे.

३. एकदाच वापरावयाचे शोषक

मानवी अंतराळ प्रवासाच्या पहिल्या पर्वात अमेरिकेच्या मर्क्युरी, जेमिनी व अपोलो यानांत लिथियम हायड्रॉक्साइड हे शोषक वापरले गेले. सोव्हिएत व्होस्टोक व सोयूझ यानांत पोटॅशियम सुपरऑक्साइडचा उपयोग केला गेला. हे संयुग ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषताना ऑक्सिजनही मुक्त करते.

लिथियम हायड्रॉक्साइडची अभिक्रिया सरळ आहे. त्याचे दोन रेणू कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूशी संयोग पावून लिथियम कार्बोनेट व पाणी तयार होते. १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडसाठी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.०९ किलोग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड लागते. लिथियम हा अतिशय हलका धातू असल्यामुळे त्याच वर्गातील सोडियम वा पोटॅशियमच्या हायड्रॉक्साइडपेक्षा येथे वजनाची बचत होते. ही अभिक्रिया खात्रीची आहे, तिला वीज लागत नाही आणि यंत्रात हलणारा भाग म्हणजे केवळ एक पंखा. दोष एकच. तयार झालेल्या कार्बोनेटमधून यानावर मूळ हायड्रॉक्साइड परत मिळविता येत नाही. डबा भरला की तो काढून नवा बसवावा लागतो.

एप्रिल १९७० मधील अपोलो १३ या मोहिमेचा प्रसंग या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. १३ एप्रिल रोजी ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाल्यावर जेम्स लव्हेल, जॅक स्विगर्ट व फ्रेड हेज या तिघांना चांद्रयानात आश्रय घ्यावा लागला. ते यान दोन व्यक्तींच्या सुमारे दोन दिवसांच्या वास्तव्यासाठी बांधलेले होते. त्यात तिघांना जवळजवळ चार दिवस काढावयाचे होते. मुख्य यानात लिथियम हायड्रॉक्साइडचे न वापरलेले डबे पुरेसे होते, परंतु ते चौकोनी होते आणि चांद्रयानातील डब्यांची जागा गोल होती. कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब सुमारे १५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढला. ह्यूस्टन येथे एड स्माइली यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांची जाड वेष्टने, अंतराळ पोशाखाच्या नळ्या व चिकटपट्टी यांतून जोडणी कशी तयार करावी हे ठरविले आणि ती कृती रेडिओवरून सांगितली. जोडणी बसताच दाब झपाट्याने उतरला आणि तिघेही १७ एप्रिल रोजी सुखरूप परतले.

या घटनेचे वर्णन नेहमी प्रसंगावधानाचे उदाहरण म्हणून केले जाते. जीवनाधार प्रणालीच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक नेमका आहे. त्या यानात शोषक रसायनाची कमतरता नव्हती, रसायनाच्या गुणधर्मांतही उणीव नव्हती. उणीव होती ती दोन यंत्रांच्या परस्परसंगतीची. हाच धडा पुढील काळात वेगळ्या रूपाने पुन्हा पुढे आला.

थोड्या दिवसांच्या मोहिमेसाठी लिथियम हायड्रॉक्साइड आजही योग्य ठरते. तीन व्यक्ती व तीन दिवस यांसाठी सुमारे १० किलोग्रॅम पुरेसे आहे. मात्र चार व्यक्तींच्या सुमारे १,००० दिवसांच्या मंगळ मोहिमेचा हिशेब केला, तर केवळ रसायनाचेच वजन ४,३०० किलोग्रॅमच्या पुढे जाते. डब्यांचे वजन निराळेच. एकदा वापरून टाकून देण्याची पद्धत या टप्प्यावर निरुपयोगी ठरते आणि शोषकाच्या पुनर्जीवनाचा विचार अपरिहार्य होतो.

४. झिओलाइट : पृष्ठशोषणाचे तत्त्व

पुनर्जीवनासाठी वायू व शोषक यांच्यातील बंध मध्यम बळाचा असावा लागतो. बंध फार घट्ट असेल तर वायू सोडविण्यास पुष्कळ ऊर्जा लागते. फार सैल असेल तर कमी दाबाचा वायू पकडलाच जात नाही. रासायनिक संयोगाऐवजी पृष्ठशोषण, म्हणजे घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटून राहणे, हा मार्ग येथे उपयोगी पडतो. त्यासाठी निवडला गेलेला पदार्थ म्हणजे झिओलाइट.

झिओलाइट ही ॲल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या सच्छिद्र जाळीची खनिजे होत. १७५६ मध्ये स्वीडिश खनिजतज्ज्ञ ॲक्सेल क्रॉन्स्टेड यांनी त्यांना हे नाव दिले. त्याचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘उकळणारा दगड’ असा आहे, कारण तापविताच त्यातील पाणी वाफ होऊन बाहेर पडते. महाराष्ट्रातील अभ्यासकांना ही खनिजे अपरिचित नाहीत. पुणे, नाशिक व जळगाव परिसरातील बेसॉल्ट खडकांच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले आहेत. अंतराळयानात वापरले जाणारे झिओलाइट मात्र कृत्रिमरीत्या तयार केलेले असतात. त्यांपैकी ‘५-ए’ व ‘१३-एक्स’ हे प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत.

झिओलाइटला ‘रेणुचाळणी’ म्हणतात, परंतु येथे चाळणीची उपमा काहीशी फसवी आहे. ‘५-ए’ची छिद्रे सुमारे अर्धा नॅनोमीटर रुंदीची आहेत आणि त्यांतून नायट्रोजन, ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड हे तिन्ही वायू आत जाऊ शकतात. निवड घडते ती विद्युत आकर्षणामुळे. जाळीत बसलेल्या कॅल्शियम वा सोडियम आयनांकडे कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्याच्यातील विद्युतभाराच्या असमान वाटणीमुळे नायट्रोजनपेक्षा अधिक जोराने ओढला जातो. या तत्त्वाची एक अडचणीची बाजूही आहे. पाण्याचा रेणू याहूनही अधिक जोराने ओढला जातो. दमट हवा सरळ झिओलाइटवर सोडली, तर पाणी सर्व जागा व्यापते आणि कार्बन डायऑक्साइड तसाच पुढे निघून जातो. म्हणून झिओलाइट वापरावयाचा असेल तर हवा आधी अत्यंत कोरडी करावी लागते.

१९७३-७४ मधील स्कायलॅब या अमेरिकी स्थानकावर झिओलाइटचा असा उपयोग प्रथम मोठ्या प्रमाणावर करण्यात आला. तेथील सर्वांत दीर्घ वास्तव्य ८४ दिवसांचे होते. शोषक भरला की त्याचा संबंध बाहेरील निर्वाताशी जोडला जाई आणि वायू आपोआप निघून जाई.

५. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील अनुभव

फेब्रुवारी २००१ मध्ये स्थानकाला जोडलेल्या डेस्टिनी या कक्षासमवेत अमेरिकी निष्कासन यंत्र पोहोचले. दुसरे यंत्र पुढे ट्रँक्विलिटी कक्षात बसविण्यात आले. रशियन विभागातील झ्वेझ्दा कक्षात वोझ्दूख हे स्वतंत्र यंत्र आहे. त्यातील शोषकही निर्वाताच्या साहाय्याने पुनर्जीवित होतो.

अमेरिकी यंत्रात चार पात्रे असतात. हवा प्रथम सिलिका जेल व ‘१३-एक्स’ यांच्या पात्रातून जाऊन कोरडी होते. नंतर ‘५-ए’ झिओलाइटच्या पात्रात कार्बन डायऑक्साइड पकडला जातो. शुद्ध झालेली ही कोरडी हवा आधीच्या चक्रात ओल्या झालेल्या दुसऱ्या शोषक पात्रातून कक्षात परत जाते आणि जाताना तेथील ओलावा सोबत नेते. त्यामुळे पाणी वाया जात नाही. त्याच वेळी ‘५-ए’चे दुसरे पात्र सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले जाते आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला जातो. मूळ आराखड्यात दर १४४ मिनिटांनी पात्रांची अदलाबदल होई.

कागदावर ही रचना निर्दोष होती. प्रत्यक्षात तिच्या मार्गात आली ती धूळ. १४४ मिनिटांच्या अर्धचक्राचा हिशेब केला, तर प्रत्येक पात्र दिवसातून पाच वेळा तापते आणि पाच वेळा थंड होते. वर्षाला अशी सुमारे १,८०० आवर्तने होतात. झिओलाइटची भुकटी एका बांधक मातीच्या साहाय्याने गोळ्यांच्या रूपात घट्ट केलेली असते. वारंवार प्रसरण व आकुंचन, गोळ्यांचे परस्परांवर घासणे आणि मधूनच शिरणारा ओलावा यांमुळे गोळ्या झिजतात. निर्माण झालेली बारीक धूळ जाळ्यांत अडकून हवेचा मार्ग रोखते आणि झडपांच्या बैठकीवर बसून त्या पूर्ण बंद होऊ देत नाही. स्थानकावरील या यंत्रांच्या अनेक बिघाडांचे मूळ झडपांतील धुळीत सापडले. अंतराळवीरांना आपल्या संशोधनाचा वेळ खर्च करून यंत्र उघडावे लागे, भाग स्वच्छ करावे वा बदलावे लागत.

या अनुभवातून पुढील यंत्राचा आराखडा तयार झाला. अमेरिकेतील हंट्सव्हिल येथील मार्शल अंतराळ उड्डाण केंद्रात विकसित केलेले चार पात्रांचे नवे यंत्र ऑगस्ट २०२१ मध्ये स्थानकाकडे पाठविण्यात आले. मूलभूत तत्त्व तेच ठेवून त्यात केलेले बदल लक्षात घेण्याजोगे आहेत. शोषक म्हणून ‘५-ए’ऐवजी अधिक टिकाऊ ‘१३-एक्स’ निवडण्यात आला. आयताकार पात्राच्या कोपऱ्यांत गोळ्या सैल राहतात, म्हणून पात्र दंडगोलाकार करण्यात आले. तापक व झडपा नव्याने आखण्यात आल्या आणि धूळ गाळण्याची सोय करण्यात आली. २ मिलिमीटर पारा एवढ्या कमी आंशिक दाबाच्या हवेतून चार व्यक्तींचा दिवसभराचा, म्हणजे ४ किलोग्रॅमहून थोडा अधिक, कार्बन डायऑक्साइड काढणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

येथे शोषकाची निवड केवळ त्याच्या शोषणक्षमतेवर झाली नाही, तर त्याच्या गोळ्या किती टिकतात यावरही झाली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रयोगशाळेतील एका चाचणीत उत्कृष्ट ठरणारा पदार्थ पाच हजार आवर्तनांनंतर भुकटी होणार असेल, तर मंगळाच्या वाटेवर त्याचा उपयोग नाही.

६. अमाईन : दुसरा पर्याय

अमाईन गटातील संयुगे कार्बन डायऑक्साइडशी सैल रासायनिक बंध निर्माण करतात. पाणबुड्यांत द्रवरूप अमाईन दीर्घकाळ वापरात आहे. वजनरहित अवस्थेत द्रव व वायू वेगळे करणे कठीण असल्यामुळे अंतराळात सच्छिद्र मण्यांवर अमाईनचा लेप देऊन ते घनरूपात वापरले जाते. १९९२ मध्ये कोलंबिया या अंतराळ शटलच्या लांबविलेल्या उड्डाणापासून अशी पुनर्जीवी प्रणाली वापरात आली.

अमाईनचा मोठा गुण असा की, ओलाव्याने त्याचे काम बिघडत नाही. उलट काही प्रमाणात सुधारते. हवा कोरडी करणारी पात्रे त्यामुळे टळतात. दुसरा गुण म्हणजे केवळ निर्वाताशी संबंध जोडला तरी ते वायू सोडते. २०० अंशांपर्यंत तापविण्याची गरज नसते. ओरायन यानासाठी स्वीकारलेल्या प्रणालीत दोन पात्रांचे थर परस्परांना चिकटून असतात. एका थरात वायू पकडला जात असताना निर्माण होणारी उष्णता शेजारच्या थरातील वायू सोडविण्यास कामी येते. तापक नाही, म्हणून वीजही थोडी.

उणीव अशी की, निर्वाताकडे झडप उघडली म्हणजे कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफही निघून जाते. तीन आठवड्यांच्या चांद्रप्रवासात ही हानी सोसता येते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या स्थानकात पाण्याचा प्रत्येक थेंब पुन्हा वापरावयाचा असतो. तेथे ती सोसता येत नाही. म्हणून २०१९ मध्ये स्थानकावर पाठविलेल्या औष्णिक अमाईन यंत्रात पाणी राखून ठेवण्याची व उष्णतेच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड वेगळा मिळविण्याची सोय करण्यात आली. शिवाय अमाईन हे सेंद्रिय संयुग असल्यामुळे उष्णता व ऑक्सिजन यांच्या सहवासात ते हळूहळू विघटित होते. झिओलाइट झिजतो, तर अमाईन शिळे होते, असे या दोहोंतील अंतर थोडक्यात सांगता येईल.

प्रवासाचा कालावधी बदलला की उत्तम शोषकाची व्याख्याही बदलते, हे वरील विवेचनावरून दिसून येते. काही दिवसांसाठी लिथियम हायड्रॉक्साइड, काही आठवड्यांसाठी निर्वाताला उघडणारे अमाईन आणि दीर्घ वास्तव्यासाठी पाणी न गमावणारी प्रणाली, अशी ही चढती श्रेणी आहे.

७. टाकाऊ वायूपासून ऑक्सिजन

निष्कासित कार्बन डायऑक्साइड अवकाशात सोडून देणे म्हणजे त्यातील ऑक्सिजनही फेकून देणे होय. १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ७३० ग्रॅम ऑक्सिजन असतो. स्थानकावर श्वसनासाठी लागणारा ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या विद्युत अपघटनाने मिळविला जातो. त्यात हायड्रोजन उपपदार्थ म्हणून मिळतो. १९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रियेत हाच हायड्रोजन उत्प्रेरकाच्या सान्निध्यात कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि मिथेन व पाणी तयार होते. हे पाणी पुन्हा विद्युत अपघटनाकडे पाठविता येते. स्थानकावर या प्रक्रियेचे पहिले यंत्र २०१० मध्ये कार्यान्वित झाले.

या प्रक्रियेची मर्यादा तिच्या समीकरणातच आहे. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूसाठी हायड्रोजनचे चार रेणू लागतात. त्यांपैकी दोन पाण्याच्या रूपाने परत येतात आणि दोन मिथेनमध्ये अडकून बाहेर फेकले जातात. म्हणजे विद्युत अपघटनात खर्च झालेल्या पाण्यापैकी निम्मेच परत मिळते. मंगळ मोहिमेसाठी अमेरिकी अंतराळ संस्थेने किमान ७५ टक्के ऑक्सिजन परत मिळविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी मिथेनचे प्लाझ्माद्वारे विघटन करून हायड्रोजन परत मिळविणे, अथवा बॉश प्रक्रियेने कार्बन डायऑक्साइडचे थेट घन कार्बन व पाणी यांत रूपांतर करणे, असे मार्ग अभ्यासले जात आहेत. बॉश प्रक्रियेत सैद्धांतिकदृष्ट्या हायड्रोजन मुळीच वाया जात नाही, परंतु तयार होणारी काजळी उत्प्रेरकावर साचून त्याला निकामी करते.

येथेही मूळ प्रश्न फिरून तोच येतो. अभिक्रिया घडविणे शक्य आहे. अडचण आहे ती तिचा घन अवशेष वर्षानुवर्षे, माणसाचा फारसा वेळ न घेता, यंत्रातून दूर ठेवण्याची. शिवाय ऑक्सिजन परत मिळविण्याच्या या साखळीला निष्कासन यंत्राकडून शुद्ध व नियमित कार्बन डायऑक्साइड मिळावा लागतो. त्यात हवा मिसळली, तर पुढील टप्प्यातील हायड्रोजनच्या सान्निध्यात ती धोकादायक ठरू शकते. एका यंत्राची गुणवत्ता अशा रीतीने पुढील यंत्राच्या गरजेवरून ठरते.

८. भारतीय संदर्भ

जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर १८ दिवस राहिले, तेव्हा तेथे एकूण ११ व्यक्ती वास्तव्यास होत्या. नेहमीच्या सातऐवजी अकरा व्यक्ती म्हणजे दिवसाला सुमारे ४ किलोग्रॅम अधिक कार्बन डायऑक्साइड. भारतीय अंतराळवीराचा तेथील प्रत्येक श्वास वर वर्णन केलेल्या यंत्रांवर अवलंबून होता.

गगनयान या भारतीय कार्यक्रमाचे उद्दिष्ट तीन अंतराळवीरांना सुमारे ४०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत तीन दिवसांपर्यंत ठेवून सुखरूप परत आणण्याचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यातील मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात बोलताना भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. जीवनाधार प्रणालीचे ज्ञान अन्य देशांकडून मिळेल अशी अपेक्षा होती. परंतु चर्चेअंती कोणीही ते देण्यास तयार झाले नाही, त्यामुळे ती प्रणाली देशातच विकसित करण्याचे ठरले, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता.

हा नकार कशाचा होता, हे या लेखातील विवेचनाच्या प्रकाशात पाहावयास हवे. लिथियम हायड्रॉक्साइडची अभिक्रिया पाठ्यपुस्तकात आहे. झिओलाइट बाजारात विकत मिळतो. जे विकत मिळत नाही ते ज्ञान म्हणजे गोळी केव्हा झिजते, झडप कशामुळे अडकते, पंख्याचा आवाज किती सोसवतो आणि अंतराळवीराला हातमोजे घालून कोणता भाग बदलता येतो, याचे. असे ज्ञान बहुतांशी अपयशांच्या नोंदींतून निर्माण होते.

तीन दिवसांच्या उड्डाणासाठी हा प्रश्न आटोक्यात आहे. परंतु २०३५ पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे, आणि तेथे पुनर्जीवी प्रणालीवाचून गत्यंतर नाही. या दृष्टीने विद्यापीठे व महाविद्यालये यांना करण्यासारखे काम पुष्कळ आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला झिओलाइट उत्प्रेरकांच्या संशोधनाची दीर्घ परंपरा आहे. शोषकाच्या गोळ्या शेकडो वेळा तापवून व थंड करून त्यांची झीज मोजणे, ओलाव्याचा बांधक मातीवरील परिणाम तपासणे, कमी आंशिक दाबास शोषणक्षमता निश्चित करणे यांसाठी अतिशय महागडी उपकरणे लागत नाहीत. त्यासाठी लागते ती चिकाटी आणि रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी व शरीरक्रियाशास्त्र यांच्या अध्यापकांनी एकत्र बसण्याची तयारी. अशा चाचण्यांतील प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध होणे आवश्यक आहे. कारण या क्षेत्रात ‘हा पदार्थ टिकला नाही’ हीदेखील मौल्यवान माहिती असते.

९. समारोप

कार्बन डायऑक्साइड निष्कासनाच्या इतिहासातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, या वायूला पकडणे हा दीर्घकाळापूर्वी सुटलेला प्रश्न आहे. त्याला कमी ऊर्जेत, पाणी न गमावता, हजारो वेळा सोडविणे हा अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे. दुसरी, मानवी आरोग्याविषयीचे ज्ञान जसजसे सूक्ष्म होत गेले, तसतशी सुरक्षित मर्यादा खाली आली आणि यंत्रावरील भार वाढत गेला. त्यामुळे वैद्यक व अभियांत्रिकी यांना परस्परांपासून अलग ठेवून या प्रणालीची आखणी करता येत नाही. तिसरी, पृथ्वीपासूनचे अंतर वाढते तसे कार्यक्षमतेपेक्षा विश्वासार्हतेचे व दुरुस्तीच्या सुलभतेचे मोल वाढते.

पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवरील स्थानकात यंत्र बिघडले, तर पुढील मालवाहू यानातून नवा भाग पाठविता येतो आणि अगदी प्रसंग ओढवलाच तर अंतराळवीरांना काही तासांत परत आणता येते. मंगळाच्या वाटेवर यांतील एकही पर्याय उपलब्ध नसतो. तेथे अपोलो १३ प्रमाणे चौकोनी डबा गोल जागेत बसविण्याची वेळ येऊ नये, यासाठीची पूर्वतयारी पृथ्वीवरील प्रयोगशाळांतच व्हावयास हवी. नव्या शोषकाचे मूल्यमापन करताना तो किती वायू धरतो या प्रश्नाबरोबर तो किती काळ टिकतो आणि बिघडल्यास कोण, कशाने दुरुस्त करील, हेही प्रश्न प्रथमपासूनच विचारले जाणे म्हणूनच आवश्यक आहे.